किती आहेत?

गुरुवार, नाईट

साडेचार वाजलेत. वॉर्ड झोपलाय, म्हणजे आमचा वॉर्ड जेवढा झोपतो तेवढा. ९ नंबरची आजी कण्हतीये पण तिचं इंजेक्शन देऊन झालंय, सहाला टेम्परेचर-बीपी सुरू झालं की परत पळापळ, तोवर लिहून घेते.

१४ नंबरचा फ्लॅप, म्हणजे हातावर शिवलेली जांघेची कातडी, आज जांघेपासून सुटणार. २१ दिवस झाले. पोरगं २६ वर्षांचं, शिरूरच्या पुढचं, रसवंतीवाला. गर्दीची वेळ होती, चिपाडाची घडी घालून त्यात आलं-लिंबू दाबून परत चरकात सारतात ना, तसं सारताना हात आत गेला. मोटरवरचा चरक, त्याला काय कळतंय, बैल असता तर निदान अडखळला तरी असता. आणि बाजूच्या लोकांनी घाबरून चाक उलटं फिरवून हात काढला, म्हणजे जो एकदा चिरडला होता तो परत तिथूनच बाहेर आला. त्यांना तरी काय बोलणार, समोर माणूस ओरडतोय म्हटल्यावर हाताला येईल ते करतात.

आमच्या वॉर्डाचं पंचांगच वेगळं आहे. संक्रांतीला मांजाने कापलेले गळे, ऊन तापलं की रसवंती, सोयाबीन निघालं की मळणी मशीन, दिवाळीला फटाके, आणि प्रेस मशीन आणि टू-व्हीलर बारा महिने. माझ्या माहेरी कडबा कुट्टी आहे, दादा एका हाताने मोबाईल कानाला लावून दुसऱ्याने वैरण सारतो, मागच्या दिवाळीत मी एवढ्या जोरात ओरडले की वहिनीच्या हातातलं ताट पडलं. दादा हसतो. "तुला सगळीकडे पेशंटच दिसतात." दिसतात खरंच.

तर हा पोरगा आला तेव्हा हाताला टॉवेल गुंडाळलेला, वर हळद. त्याची आई रेशन कार्डाची पिशवी छातीशी धरून उभी, योजनेत बसेल ना एवढंच विचारत होती. चिरडलेल्या हाताचं एक असतं, खरं नुकसान पहिल्या दिवशी कळत नाही, जे जिवंत वाटतं ते दोन दिवसांनी काळं पडतं. म्हणून सरांनी दोनदा ओटीत नेऊन साफ केलं. तर्जनी आणि मधलं बोट गेलं, अनामिका अर्धी राहिली. अंगठा आणि करंगळी वाचली. पण हाताच्या मागची कातडी सगळी सोलून निघालेली, खाली शिरा (रक्ताच्या नव्हे, बोटं हलवणाऱ्या, सर टेंडन म्हणतात, आम्ही पेशंटला शिराच सांगतो) आणि हाड उघडं. तिथे मांडीची पातळ कातडी लावून भागत नाही. रोप लावायला ओली माती लागते, खडकावर ते धरत नाही, तसंच कातडीचं, खाली रक्त पाहिजे. मग जांघेतली जाड कातडी एका बाजूने तशीच चिकटलेली ठेवून हातावर शिवतात, आणि हात तिथेच तीन आठवडे अडकवून ठेवायचा. तोवर हाताकडून नवीन रक्तवाहिन्या त्यात शिरतात, मग जांघेकडची बाजू कापायची.

तीन आठवडे हात जांघेत. लिहायला सोपं आहे. माणसाला कुशीवर वळता येत नाही, शिंक आली तरी घाबरतो, लघवीला आईसमोर कसं म्हणून पाणीच कमी प्यायला लागला होता, ते मावशींच्या लक्षात आलं, माझ्या नाही. मावशींनी सरळ त्याच्या मामाला बोलावून घ्यायला लावलं.

पाचव्या दिवशी पहिलं मोठं ड्रेसिंग. मी गॉज सलाईनने भिजवत होते, चिकटलेलं असतं, ओढलं तर जीव जातो. त्याने तोंड भिंतीकडे केलेलं. बराच वेळ गप्प, मग म्हणाला,

"सिस्टर, किती आहेत?"

मला आधी कळलंच नाही.

"तुम्ही मोजा. मी नाय बघत."

मी म्हटलं, अंगठा आहे, करंगळी आहे, आणि शेजारचं अर्धं आहे. तर म्हणाला, "अर्धं कशाला मोजता."

एकोणीस वर्षं झाली नोकरीला, त्यातली अकरा या वॉर्डात, आणि तरी मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं पाय हलवू नकोस.

बघण्याचं प्रत्येकाचं वेगळं असतं. काही जण ओटीतून आल्या आल्या पट्टीवरून चाचपून बघतात. जळालेल्या बायका बऱ्याचदा आधी आरसा नाही मागत, आधी मुलांना आत आणू नका म्हणतात. चाकणकडचा एक प्रेसवरचा मुलगा मागच्या महिन्यात स्वतःचं तुटलेलं बोट बर्फाच्या ग्लासात घालून घेऊन आला, किती अभिमानाने पुढे केला ग्लास. बोट पांढरं फटक, थेट बर्फात ठेवल्यामुळे गोठून गेलेलं, जोडण्यासारखं राहिलं नव्हतं. ते खरं ओल्या गॉजमध्ये गुंडाळून, कोरड्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फात ठेवायची असते, बर्फ बोटाला लागला नाही पाहिजे. कुणी सांगितलेलंच नसतं. डब्याच्या पिशवीतून, रुमालातून, एकाने तर दुधात बुडवून आणलेलं. बोट नीट गार ठेवलं तर बरेच तास टिकतं, मनगटाच्या वर तुटलं तर सहा तासांचाच हिशोब, तिथे मांस असतं आणि मांस लवकर मरतं. हे कंपनीच्या भिंतीवर लिहून लावायला काय जातंय?

नवव्या रात्रीचं लिहायचं राहिलं होतं. फ्लॅप बघायचा म्हणजे टॉर्च मारून रंग, हाताच्या पाठीने ऊब, आणि बोटाने दाबून सोडायचं, पांढरं झालेलं किती वेळात परत लाल होतंय ते. तीन वाजता टॉर्च मारला तर कडेने जांभळा. जांभळा म्हणजे रक्त आत जातंय पण परत येत नाहीये, पांढरा पडला तर जातच नाहीये. माझ्याच पोटात खड्डा. बघितलं तर झोपेत कोपराखालची उशी सरकलेली, हात खाली ओढला गेलेला आणि कातडीला मुरड पडलेली. टॉवेलची घडी करून कोपर वर उचललं आणि तसंच धरून उभी राहिले, रेसिडेंटला फोन लावायला मावशींना सांगितलं. तो डोळे चोळत येईपर्यंत कडेचा रंग हळूहळू उतरला, वांग्याच्या सालीसारखा होता तो परत कातडीसारखा झाला. पाच मिनिटं असतील, जास्त नाही. पोरगा जागा झाला होता. त्याला वाटलं मी हात दाबतीये. म्हणाला, "स्वप्नात चाक फिरवत होतो, घुंगरं वाजत होती." रसवंतीच्या चाकाला बांधलेली असतात ती. मला त्या आवाजाने आधी तहान लागायची.

सोमवारी राउंडला नवीन बॅच होती. दर नव्या बॅचला सर कावसजीची गोष्ट सांगतात, माझी पाठ झालीये. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा मराठा माणूस, १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला, नाक कापलं, वर्षभराने पुण्याजवळ विटा भाजणाऱ्यांच्या जातीतल्या एकाने, कुंभारच म्हणतात सगळे, कपाळाची कातडी वळवून नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं आणि ते कपाळावर आखलं. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आलं आणि तिकडचे सर्जन थक्क झाले. सर स्वतः अजून ग्लोव्हजच्या पाकिटाचा कागद कापून माप काढतात, ब्लाउजच्या कटिंगसारखं. ह्या पोराच्या जांघेवर पण तसाच कागद ठेवून पेनने आखलं होतं.

एका मुलीने मोबाईलवर तो जुना मजकूर काढून वाचून दाखवला. त्यात लिहिलंय की नाक आणि एक हात कापला. हात! एवढी वर्षं गोष्ट ऐकते, नाकाचंच ऐकते. हाताचं पुढे काय झालं कुणी बोलत नाही. बैल हाकणाऱ्याला नाक जास्त लागतं का हात? चेहरा चारचौघांत दिसतो म्हणून असेल, किंवा हाताचं त्या काळी कुणाला काही करताच आलं नसेल. १४ नंबर ऐकत होता. सर पुढे गेल्यावर मला म्हणाला, "त्याला पेन्शन होती का?" त्या मुलीने लगेच शोधून सांगितलं, हो, कंपनी सरकारची होती.

"मग बरंय."

गेले तीन दिवस फ्लॅपला मुळाशी रबर बांधून थोडा थोडा वेळ दाबून ठेवतोय, जांघेकडचं रक्त बंद झालं तरी तगतोय का बघायला. तगतोय. रंग छान आहे. हाताच्या मागे गादीसारखं फुगलंय आणि त्यावर केस उगवलेत, जांघेचेच ते. रेसिडेंट त्याला म्हणाला जाड झालास तर हात पण जाड होणार बघ. तेव्हा पहिल्यांदा हसला, आणि हसताना चुकून खाली बघितलं. आणि मग बघतच राहिला. मी ट्रॉली आवरत होते, तशीच आवरत राहिले.

रात्री दहाला ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म घेऊन गेले. मागच्या तिन्ही फॉर्मवर डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. मी शाईचं पॅड उघडलं तर म्हणाला नको, बारावी झालोय मी, सही करतो. डाव्या हातात पेन धरलं. कागद धरायला दुसरा हात नाही, तो अडकलेला, म्हणून फॉर्म सरकायला लागला, मी दोन बोटांनी दाबून धरला. तिकडे ११ नंबरची बेल वाजत होती, वाजू दिली. चार अक्षरं लिहायला किती वेळ लागला काय सांगू, शेवटचं अक्षर रेघ सोडून पार खाली गेलं.

मी फॉर्म उचलायला गेले तर म्हणाला, थांबा, तारीख पण टाकतो.