चवीपुरतं

स्वयंपाक करताना माझा हात हमखास एकाच ठिकाणी अडतो. तीन बोटांत मिठाची चिमूट, हात पातेल्यावर आणि डोक्यात प्रश्न: मघाशी टाकलं होतं का? कृती लिहिणारे बाकी सगळ्याला चमच्या-वाटीचं माप देतात; मिठापाशी आले की ‘चवीपुरतं’ म्हणून मोकळे. कोणाच्या चवीपुरतं, ते ज्याचं त्यानं बघावं.

शब्द म्हणूनही मीठ तसंच, चिमटीतून निसटणारं. संस्कृतातल्या ‘मृष्ट’चा अर्थ घासूनपुसून लख्ख केलेलं, आणि पुढे रुचकर. प्राकृतात त्याचं ‘मिट्ठ’ झालं. हिंदीनं त्याचं ‘मीठा’ करून ते साखरेला बहाल केलं, आपण मिठाला. एका घरातली दोन भावंडं, एक गोड निघालं, एक खारट. मला विचाराल तर आपली वाटणी जास्त न्यायाची. ज्याच्यावाचून बाकीच्यांना चव नाही, रुचकर हे नाव त्यालाच शोभतं.

जुनं नाव लवण. ते रोजच्या बोलण्यातून गेलं, पण गोतावळा मागे ठेवून गेलं. लोणचं त्यातलंच. ‘अलवण’चं अळणी झालं आणि भाषणंसुद्धा अळणी होऊ लागली. लावण्यही लवणातूनच आलेलं, म्हणजे शब्दशः खारटपणा. कोणाच्या रूपाचं कौतुक करताना ही माहिती देऊ नये. मी दिली होती.

रसायनशास्त्रात तर मिठाचं कुटुंब अफाट. आम्ल आणि आम्लारी भेटले की क्षार तयार होतो, आणि या क्षाराला इंग्रजीत ‘सॉल्ट’च म्हणतात. मोरचूदही सॉल्ट. ‘मग भाजीत चालेल का?’ असं वर्गात विचारून मी उरलेला तास बाहेर काढला. शिशाचा एक क्षार, लेड ॲसिटेट, चवीला चक्क गोड आहे, आणि विषारी. हा खरा मीठा.

वाक्प्रचारांत मिठाला कामं फार. खाल्ल्या मिठाला जागायचं, तिखटमीठ लावून सांगायचं, दुधात मिठाचा खडा टाकायचा. बेइमानाला शिवी द्यायची तर मात्र फारसीतलं नमक आणून नमकहराम म्हणायचं. घरच्या मिठाला हराम जोडायला जीभ धजली नसावी. जखमेवर मीठ चोळणं हा दुष्टपणा, पण दवाखान्यात जखम धुतात ती मिठाच्याच पाण्यानं. लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम, म्हणजे 0.9 टक्के. तेच शिरेतून दिलं की आपण सांगतो, ‘सलाइन लावलंय.’ तिथे चवीपुरतं म्हणून भागत नाही.

एवढं होईपर्यंत पातेल्याला उकळी आलेली असते. डावातलं थेंबभर तळहातावर घेतो, फुंकर मारतो, चाटतो. काही कळत नाही. तळहात घामानं आधीच खारट.