अरुगम बे-ला ऑगस्टात

हर्णैत वाढल्यामुळे पावसाळ्यात समुद्र बंद, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, होड्या शाकारलेल्या, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच खरा हंगाम सुरू. म्हणून श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बे या गावी जाऊन सर्फिंग शिकायचं ठरलं, तेव्हा मी सरळ डिसेंबरची विमानं बघायला लागले.

खोलीसाठी विचारलं तर तिथल्या मालकीणबाईंचं उत्तर आलं: "डिसेंबरात आमच्याकडे पाऊस असतो, आम्ही बंद ठेवतो. ऑगस्टात या."

मग मी नकाशा घेऊन बसले. जो नैऋत्य मोसमी वारा कोकण झोडपतो, तोच श्रीलंकेच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर पाऊस टाकतो. मधले डोंगर ओलांडून पूर्वेला उतरेपर्यंत तो कोरडा झालेला असतो. अरुगम बेला तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दक्षिण हिंदी महासागरातून आलेल्या लाटांना समोरून हा वारा लागला की त्या विस्कटत नाहीत, उभ्या राहतात आणि टोकापासून सावकाश फुटत जातात. साधारण मे ते सप्टेंबर हा तिथला हंगाम. डिसेंबरात ईशान्येचा वारा सुरू झाला की सगळं उलटतं आणि सर्फर नैऋत्य किनाऱ्यावरच्या वेलिगामा, हिक्कडुवाकडे वळतात. ज्या वाऱ्याने आमच्या होड्या घरी बसतात, त्याच वाऱ्याने तिथला समुद्र खुलतो, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. कुणी जायचं म्हणालं की मी आता आधी महिना विचारते, बाकी सगळं नंतर.

ईटीए (श्रीलंकेत जायचा प्रवास परवाना) ऑनलाइन काढला, मुंबई-कोलंबो तिकीट मिळालं. अडलं ते रेल्वेपाशी. कोलंबो फोर्टहून बदुल्लाच्या गाडीने एल्लापर्यंत चहाच्या मळ्यांतून जायचं, पुढे व्हॅन, असा बेत होता. पण आमच्या तारखा नारळी पौर्णिमेच्या आठवड्यातल्या. तीच तिथली निकिनी पोया, आणि कँडीचा एसला पेराहेरा, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूच्या मिरवणुकांचा उत्सव, तेव्हाच संपतो. डोंगरातल्या गाड्यांची आरक्षणं कधीच संपली होती. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सुट्टी असते, त्यामुळे तारखा ठरवताना पंचांग उघडायला हवं होतं. शेवटी मी आणि मैत्रीण कोलंबोहून पोट्टुविलच्या रात्रीच्या बसने निघालो. पहाटे मोणरागला मागे पडलं, लाहुगलाजवळ रस्त्याच्या कडेला हत्ती दिसला आणि गाडीतले सगळे एकदम गप्प झाले. पोट्टुविलहून तीनेक किलोमीटर टुकटुक.

मेन पॉइंटला, म्हणजे सर्फिंगच्या मुख्य जागी, तळाशी खडक आहेत आणि सराईत लोकांची गर्दी, तिथे आम्ही फक्त बसून पाहिलं. शिकायला टपावर बोर्ड बांधलेल्या टुकटुकने उत्तरेच्या व्हिस्की पॉइंटला जायचो. रॅश गार्ड (सर्फिंगचे अंगाला घट्ट बसणारे शर्ट) घरूनच नेलेले बरे, पहिल्याच दिवशी बोर्डवर घासून पोट सोलून निघतं. तिसऱ्या दिवशी मी उभी राहिले, चार-पाच सेकंद असेन. त्या सेकंदांत पायाखालचं पाणी मला ओळखीचं वाटलं.

पण मन ओढायच्या ते खाडीतल्या होड्या. २००४ च्या त्सुनामीत हा किनारा उद्ध्वस्त झाला होता. आज तिथेच पहाटे होड्या लागतात, जाळी झटकली जातात. पश्चिमेचा समुद्र खवळला की तिकडचे कोळीही पूर्व किनाऱ्यावर मासेमारीला येतात. नारळी पौर्णिमेच्या सकाळी तिथूनच मी बाबांना फोन लावला.

"नारळ दिला का, बाबा?"

"संध्याकाळी. तुझ्याकडे होड्या दिसतात का?"

"एप्रिल-मेपासून चालू आहेत म्हणतात."

बाबा क्षणभर थांबले. "मग मासा काय लागतोय?"

मी उतरत्या टोपल्यांजवळ जाऊन पाहिलं. "कुपा."

"केवढा?"

माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत होता. मी तसंच सांगितलं.