नागपंचमीच्या चर्चेत सर्पदंशाविषयी बोलताना : माझा अनुभव

कोकणातील एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करताना दर पावसाळ्यात मी सर्पदंशाचे रुग्ण पाहत आले आहे. श्रावणाच्या तोंडावर एका मराठी वाहिनीच्या रोज सकाळी होणाऱ्या चर्चेच्या कार्यक्रमातून मला दूरध्वनी आला. नागपंचमीच्या दिवशी सण, कायदा आणि उपचार अशा तिन्ही अंगांनी बोलायचे होते आणि माझ्यासोबत लोकसंस्कृतीच्या एक अभ्यासक असणार होत्या. वरिष्ठांची लेखी परवानगी हाती आल्यावर मी होकार कळवला.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. कार्यक्रमाच्या चमूने पाठवलेल्या प्रश्नावलीत साप दूध पितो का, हा प्रश्न सर्वांत वर होता, मग बत्तीस शिराळ्याची परंपरा आणि अगदी शेवटी उपचार. सकाळी घाईत असलेला प्रेक्षक अखेरपर्यंत थांबेलच असे नाही, तेव्हा प्रथमोपचार पहिल्या विश्रांतीच्या आधीच यावा, अशी विनंती मी केली आणि ती मान्य झाली. अशा कार्यक्रमाला जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने प्रश्नांचा क्रम आधी मागून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

मग आकडे निवडणे आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, ही माहिती मी निवेदिकेसाठी लिहून दिली. स्वतः बोलण्यासाठी मात्र एकच आकडा ठेवला : २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. ही माणसे बहुतांशी खेड्यांतली आहेत, हे त्याच वाक्याला जोडून सांगायचे ठरवले.

चित्रीकरणाच्या जागी मी काचेची एक स्वच्छ, कोरडी परीक्षानळी सोबत नेली होती. घोणस किंवा फुरसे चावल्यावर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखण्यासाठी आम्ही रुग्णाचे साधारण दोन मिलिलिटर रक्त अशा नळीत घेतो, नळी २० मिनिटे मुळीच न हलवता ठेवतो आणि मग एकदाच कलती करतो. रक्त पातळच राहून वाहिले, तर विष भिनले आहे असे समजून प्रतिविष सुरू करतो. रिकामी नळी कॅमेऱ्यासमोर कलती करून मी हे दाखवले आणि लगेच पुढचे सांगितले : या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही, पण रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचावा लागतो. दंशाची जागा कापू नये, विष चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. अंगठी आणि बांगड्या काढाव्यात, हाड मोडल्यावर देतात तसा आधार देऊन तो अवयव स्थिर ठेवावा आणि १०८ ला दूरध्वनी करून किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. साप मारून आणण्याची गरज नाही, कारण आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रित असते.

संस्कृतीच्या प्रश्नाची मला सर्वांत जास्त धास्ती होती, कारण अशा चर्चेत डॉक्टर श्रद्धेच्या विरुद्ध बाजूला उभा केला जातो. सहभागी अभ्यासकबाईंनी नागपंचमीला नांगर न धरण्याची, जमीन न खणण्याची रीत उलगडून सांगितली, जिवंत नाग पकडण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आलेली बंधने सांगितली आणि मातीच्या किंवा चित्रातल्या नागाची पूजा घरोघरी पूर्वापार होत आल्याची आठवण दिली. पारंपरिक ज्ञानाला काहीच किंमत नाही का, असे निवेदिकेने मला विचारले. मी तमिळनाडूतील इरुळा समाजाचे उदाहरण दिले. साप हाताळण्याचे त्यांचे पिढीजात कौशल्य १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेमार्फत विष काढण्याच्या कामी आले, तेच विष घोड्यांना अल्प मात्रेत टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार होते आणि देशातील प्रतिविषाचा मोठा आधार तेच आहे. मांत्रिकाकडे जाणारा वेळ आणि हे कौशल्य या दोन गोष्टी एका तागडीत तोलू नयेत, एवढेच मी म्हणाले आणि त्यावर त्या अभ्यासकबाईंनीही संमती दर्शवली.

प्रेक्षकांच्या दूरध्वनींपैकी एका आईचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. अंगावर खूण नाही, दुखलेही नाही, मग रात्रीत साप चावल्याचे ओळखावे कसे, असे त्यांनी विचारले. हे वर्णन मण्यारीला तंतोतंत लागू पडते. तिचे दात बारीक, दंश जवळजवळ वेदनाहीन आणि वावर रात्रीचा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले माणूस पहाटे पोटदुखीने उठले, त्याला गिळायला जड जाऊ लागले, पापण्या मिटू लागल्या, तर अपचनाचे औषध देत बसू नये, कारण यापुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. त्यावेळी कृत्रिम श्वास मिळाला, तर माणूस वाचतो. शक्यतो खाटेवर झोपावे, मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी आणि रात्री बाहेर पडताना विजेरी घ्यावी, हे मी त्यांना सावकाश सांगितले आणि वेळ संपत आली असतानाही निवेदिकेने मला थांबवले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

कार्यक्रमानंतर मी निर्मात्यांना एक पत्र लिहिले. नागपंचमीची चर्चा चांगलीच आहे, पण सर्पदंश वाढतात ते पेरणी आणि लावणीच्या कामांबरोबर, म्हणून हाच विषय मृग लागण्याच्या सुमारास, सण येण्याची वाट न पाहता घ्यावा, असे त्यात सुचवले. आपल्या जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात प्रतिविष आहे आणि कृत्रिम श्वासाची सोय कुठे आहे, हे प्रत्येक गावाने पावसाआधी विचारून ठेवावे, हे आवाहन पडद्याच्या खालच्या पट्टीवर सतत चालवावे, अशी विनंतीही त्यात केली आहे.