दाणा, वीज आणि जळगावची नळी

आज जळगाव एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये ठिबकच्या १६ मिमी नळीची लाईन चालू होती. हॉपरमधला, म्हणजे वरच्या नरसाळ्यातला, प्लास्टिकचा काळा दाणा बॅरलमध्ये, म्हणजे तापवलेल्या नळकांड्यात, साधारण २०० अंशांवर वितळतो. डायमधून, म्हणजे आकार देणाऱ्या साच्यातून, गरम नळी निघतानाच आत थेंब थेंब पाणी सोडणारा ड्रिपर चिकटतो. पुढे नळीला मापात धरणारं व्हॅक्यूम, थंड पाण्याची टाकी, नेमकं ड्रिपरवर छिद्र आणि शेवटी बंडल.

दाण्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, असतो, म्हणून ही नळी आपल्या मे महिन्याच्या उन्हात टिकते. पण हा काळा रंग ज्यातून मिसळतात तो मास्टरबॅचचा दाणा ओल धरतो. पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं, नीट वाळवलं नाही, तर वाफेचे बुडबुडे नळीच्या भिंतीत अडकतात आणि दाब आला की तिथूनच पाण्याची बारीक चिळकांडी उडते. वीज दोन मिनिटं गेली तरी माल पुढे ढकलणारा स्क्रू थांबतो, बॅरलमधला माल तिथेच अडकतो. लाईन पुन्हा लयीत येईपर्यंत निघेल ती नळी भंगारात. भाऊ, कारखाने वाढवायचे तर सवलतीच्या जमिनीआधी अखंड वीज द्या!

१९७८ मध्ये जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांनी जळगावात केळी पावडरचा कारखाना घेतला. पाईप आणि ठिबक नंतर आलं. अशा मोठ्या कारखान्याभोवती डाय दुरुस्त करणारे टर्नर, हीटर बदलणारे, भंगार भरडून दाणा करणारे, ट्रकवाले उभे राहतात. फिटर हात बसला की स्वतःचं लेथ टाकतो. खरी वाढ मी यालाच म्हणतो. त्यासाठी धुळे, नंदुरबारच्या आयटीआयतही पोरांना हात बसवायला एक छोटा एक्स्ट्रूडर, म्हणजे दाणा वितळवून नळी काढणारं असं यंत्र, हवा.