काटा बायांच्या हातात का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झालं की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "वहिनी, तुमच्या वावरात वेचलेला कापूस वेचणाऱ्या बायाच का मोजतात? गाठोड्यामागे किलोभर कडता, म्हणजे वजनातली घट, का नाही कापत?" मागे धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याने तर सुनावलंच, तुमच्यामुळे आमच्याही बाया काटा मागायला लागल्या. म्हणून एकदाचं सांगून टाकते.

मीही कापायची. दवाने कापूस जड होतो, फडक्याचं वजन असतं, कुणी कवडी, म्हणजे खराब कापूस, मिसळते, म्हणून एक किलो. सासऱ्यांच्या काळापासूनची रीत. यात चोरी आहे असं कधी मनातही आलं नाही. खोटं कशाला बोलू, आलं होतं. सगळेच कापतात म्हटलं की दबून जायचं.

2024 चा डिसेंबर. वेचणी दहा रुपये किलो. दिवस बुडत आला होता. एका मावशीचं गाठोडं 24 किलो भरलं, मी वहीत 23 लिहिले. वीस वर्षं आमच्याकडे येणारी बाई. तिने गंजीवर कापूस ओतला, फडकं झटकलं, त्याची घडी घातली आणि माझ्याच ताणकाट्याच्या आकड्याला अडकवली. काटा जेमतेम हलला. "दव तं दुपारीच वायलं, वहिनी. अन् फडकं हे एवढं." बाकीच्या तेरा जणी गाठोडी धरून उभ्या. मी म्हटलं, अंधार पडतोय, पुढचं आणा. आणि पुढच्या गाठोड्यातूनही किलो कापला. तो दुसरा किलो मला आजही जास्त बोचतो.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. बाजाराच्या दिवशी चुकाऱ्यात वरचे पैसे घालून तिच्या घरी गेले. तिने वहीतले तेवढे मोजून घेतले, उरलेले माझ्या हातात परत ठेवले. आता ती शेजाऱ्याच्या वावरात जाते. तिथेही किलो कापतात.

त्याच हंगामात मी हमीभावाने कापूस विकला. 7521 रुपये क्विंटल. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की टक्क्याला टक्का कपात, 12 च्या वर माल परत. माझा 11 निघाला, क्विंटलमागे सव्वादोनशे गेले. तावातावाने भांडले मी. परतताना लक्षात आलं, खरेदी करणाऱ्यांनी निदान मशीन लावून आकडा दाखवला होता. मी बायांना काय दाखवलं होतं? म्हणून कडता बंद केला, काटा त्यांच्या हातात दिला.

कापून वाचत काय होतं? चौदा बाया, किलो-किलोचे रोजचे 140 रुपये, वीस दिवसांचे 2800. डीएपी खताची दोन पोती, एवढ्यासाठी!

पण तुमचंही अगदीच खोटं नाही. सकाळचा कापूस ओला असतोच, आणि त्याचा भुर्दंड आता माझ्यावर बसतो. नऊनंतर या म्हणावं तर त्यांची दोन तासांची वेचणी बुडते. तोड मला सापडलेली नाही. भाव पडला की मनात पुन्हा तेच सुरू होतं, अर्धा किलो तरी काप.

आणि आधीच्या वर्षांचे पैसे? ते कुणाकुणाचे, किती, हे मला काढताच येत नाही. कापलेला किलो मी वहीत कधी लिहिलाच नव्हता.