तुम्ही विचारलंत म्हणून: कमलाबाईंनी शोध कसला लावला?

जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी म्हटलं की लोकांना आधी सी. व्ही. रामन आठवतात. १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संचालक असलेल्या रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, कमलाबाई हटल्या नाहीत, शेवटी अटी घालून त्यांना घेतलं आणि त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं. ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. माझी हयात जैवरसायनशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे हा विषय निघाला की कुणीतरी मला हमखास विचारतं, "ते सगळं खरं, पण बाईंनी शोध कसला लावला?" विचारणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. नकाराची कहाणी घरोघरी पोचली आणि काम मागे राहिलं, याची मला मनापासून खंत आहे.

दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरला तिथले संशोधक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. मग केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी दाखवलं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन प्राणवायूपर्यंत पोचवण्याच्या साखळीतलं हे एक लोहयुक्त प्रथिन. म्हणजे श्वसनाची ही यंत्रणा प्राण्यांप्रमाणे झाडापानांतही चालते. प्रबंध जेमतेम ४० पानांचा, आणि १९३९ साली पीएच.डी. एवढ्यावरही नाव राहिलं असतं.

पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम मुंबईचं आहे. लग्नानंतर त्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या आणि विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा कडधान्यांकडे वळल्या. गरिबाच्या ताटात प्रथिन येतं ते डाळी-उसळींतून. ते पोटात गेलं तरी अंगी किती लागतं, हा प्रश्न होता. स्वादुपिंडातून येणारं ट्रिप्सिन प्रथिनांचे तुकडे करतं. कच्च्या कडधान्यात मात्र अशी प्रथिनं असतात जी ट्रिप्सिनच्या नेमक्या कापणाऱ्या जागी जाऊन बसतात आणि त्याला कामच करू देत नाहीत. त्यांना ट्रिप्सिन-अवरोधक म्हणतात. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी आंबे यांनी वालातला आणि डबल बीमधला अवरोधक शुद्ध करून स्फटिकरूपात मिळवला. १९५५ साली 'नेचर'मध्ये त्यावर त्यांचा लेख आला.

मी विद्यार्थ्यांकडून या कामाचा एक साधा प्रयोग करून घेत असे. तीन परीक्षानळ्यांत केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, आणि ट्रिप्सिन. दुसरीत कच्च्या वालाचा अर्क, तिसरीत कुकरला शिजवलेल्या वालाचा. अंगाच्या तापमानाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायचं आणि मग ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड घालायचं. न पचलेलं प्रथिन पांढऱ्या साक्यासारखं खाली बसतं, पचलेल्याचे तुकडे वरच्या निवळीत राहतात. ती निवळी गाळून मोजायची. वालाची स्वतःची प्रथिनंही असतातच, म्हणून प्रत्येकीच्या जोडीला ट्रिप्सिन न घातलेली नळी हवी. पहिल्या आणि तिसऱ्या नळीत आकडा चांगला चढतो. कच्च्या वालाच्या नळीत तो हलतच नाही म्हटलं तरी चालेल. मुलं ते पाहायची आणि लगेच घरच्या बिरड्याबद्दल बोलायला लागायची.

नीरेचं काम तर राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून हाती घेतलं होतं. ताडामाडाचा हा रस आंबण्याआधी मिळाला तर त्यात जीवनसत्त्वं, लोह असं बरंच काही असतं, आणि आदिवासी समाजातल्या कुपोषित मुलांना, गरोदर बायांना त्याचा उपयोग होतो, हे त्यांनी दाखवलं. त्याबद्दल राष्ट्रपतींचं पारितोषिकही मिळालं. पुढे त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या. १९६६ साली मुंबईत ग्राहकांसाठी जी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी निघाली, तिच्या कामातही त्या सक्रिय होत्या. भेसळीविरुद्ध त्यांनी हिरिरीनं लिहिलं. बटाटा, वाल, नीरा, दूध: बाजारात मिळणारी वस्तू उचलायची आणि तिच्यात शरीराच्या दृष्टीनं काय आहे ते शोधायचं, अशी ही वाट होती. परदेशात जे चाललंय तेच इथे पुन्हा करत बसण्याचा मोह त्यांना झाला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हे सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग वाल खायचे की नाही?" खायचेच. भिजवून, मोड आणून, सोलून, पूर्ण मऊ शिजवून. नुसते मोड आले म्हणून अवरोधक संपत नाही, आणि वालातला हा अवरोधक उष्णतेलाही तसा चिवटच, म्हणून कोमट वाफ पुरत नाही, व्यवस्थित शिजवावंच लागतं. मुगात तो बराच कमी असतो, तेव्हा मूठभर कच्चे मोड कोशिंबिरीत घातले तर काळजी नाही. वाल आणि राजमा मात्र कच्चे किंवा अर्धे कच्चे कुणालाही देऊ नका.