तुम्ही विचारलंत म्हणून: ॲड-ऑन टाकला आणि ग्रह काळा पडला

सेलेस्टिया, म्हणजे कॉम्प्युटरवर अवकाशात फिरवून आणणारं सॉफ्टवेअर, वापरणारे बरेच जण मला हेच विचारतात, की नवीन ॲड-ऑन (ग्रह-यानांच्या फाइलींची वरून टाकायची जोड) टाकला आणि ग्रह काळा दिसायला लागला, कुणाचा पांढराफटक झाला, कुणाचा थरथरतोय, तर आता सगळं उडवून परत इन्स्टॉल करू का? नका करू. कारण परत इन्स्टॉल केलंत तरी तुम्ही तेच एक्स्ट्राज फोल्डर, जिथे सगळे ॲड-ऑन ठेवतात ते, उचलून आत टाकणार आणि दुखणं त्या फोल्डरातच आहे.

पण त्याच्याही आधी एक बघा, की ते खरंच बिघडलंय का. सेलेस्टिया सुरू होताना कॉम्प्युटरच्या घड्याळातली वेळ घेतो. आपण जेवणं उरकून रात्री साडेनऊला बसतो, पृथ्वीवर जातो, भारत समोर आणतो, तर तिथे काळोखच असणार ना, बाहेर खिडकीत बघा, काळोखच आहे! मला येणाऱ्या प्रश्नांतले कितीतरी इथेच मिटतात. भारत समोर आणून वाय दाबा म्हणजे तुम्ही त्याच जागेच्या वर राहता, मग एल दाबा, दर वेळी काळाचा वेग दहापट होतो. तीनदा दाबलंत की हजारपट, आणि सूर्योदयाची रेषा अरुणाचलपासून कच्छपर्यंत यायला सात-आठ सेकंद लागतात. मी हे शेकडो वेळा बघितलंय आणि अजूनही हात माउसवरच थांबतो. अंधारी बाजू थोडी उजळ हवी असेल तर } दाबत राहा, { ने परत कमी होते, पण मी ती कमीच ठेवतो, चंद्रावरच्या सावल्या काळ्याकुट्ट असतात आणि त्या तशाच दिसायला हव्यात असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं करूनही गडबड राहिली तर मग ॲड-ऑन. एका मैत्रिणीची मुलगी नववीत आहे, तिने व्हिडिओ कॉलवर लॅपटॉप दाखवला आणि म्हणाली, "काका, पृथ्वी थरथरतेय बघा." खरंच, समुद्राच्या निळ्यावर दुसरा एक फिकट निळा लुकलुकत होता, कॅमेरा जरा हलवला की पट्टे जागा बदलायचे. मी तिला म्हटलं, ~ दाब. ते दाबल्यावर स्क्रीनवर लॉग येतो, सुरू होताना काय काय वाचलं आणि कुठे अडलं ते त्यात असतं. तिथे एक ओळ होती, पृथ्वीची व्याख्या दोनदा झालीय अशा अर्थाची. म्हणजे एकाच जागी दोन पृथ्व्या, एकमेकींत घुसलेल्या, आणि ग्राफिक्स कार्डाला कळत नव्हतं की पुढची कुठली.

झालं असं होतं की तिने उतरवलेल्या एका जुन्या ॲड-ऑनच्या एसएससी फाइलमध्ये (ग्रहांची, यानांची माहिती लिहिलेली साधी मजकुराची फाइल) पृथ्वीच्या नावाआधी मॉडिफाय (Modify) हा शब्दच नव्हता. हा शब्द फार महत्त्वाचा. मॉडिफाय लिहिलं असेल तर असलेल्या पृथ्वीचं फक्त तेवढंच बदलतं, म्हणजे टेक्स्चर (ग्रहाच्या गोळ्यावर गुंडाळलेलं चित्र) दिलं तर टेक्स्चर. रिप्लेस लिहिलं असेल तर आधीचं सगळं पुसून नव्याने, आणि नव्या फाइलमध्ये वातावरण किंवा रात्रीच्या दिव्यांचं टेक्स्चर लिहिलेलं नसेल तर तेही गेलं, म्हणून लोक म्हणतात की शहरांचे दिवे गायब झाले. आणि काहीच लिहिलं नसेल तर सेलेस्टिया ती नवीन वस्तू समजून आणखी एक बनवतो. तिने नोटपॅडमध्ये फाइल उघडून तो एक शब्द टाकला, सेव्ह केली, सेलेस्टिया बंद करून परत चालू केला (हे दर वेळी करावंच लागतं, फाइली सुरू होतानाच वाचल्या जातात) आणि पृथ्वी शांत झाली. पोरगी इतकी खूश, की लगेच शनीच्या फाइली उघडून बसली.

कुठला ॲड-ऑन भांडतोय हेच कळत नसेल तर अर्धे फोल्डर एक्स्ट्राजच्या बाहेर काढा. गडबड गेली तर ती बाहेरच्या अर्ध्यात, राहिली तर आतल्या, मग त्याचे परत अर्धे. ३२ फोल्डर असतील तरी पाच फेऱ्यांत एकावर येता. मात्र खरंच बाहेर काढा. फोल्डरचं नाव बदलून आतच ठेवलं तर काही उपयोग नाही, सेलेस्टिया एक्स्ट्राजमधली पोटफोल्डरंही सगळी चाळतो, नाव काहीही असो, त्याला एसएससी दिसली की तो वाचणारच.

पांढरा ग्रह म्हणजे बहुतेक वेळा टेक्स्चर लोड झालेलं नाही. एसएससी फाइल तिच्या फोल्डरातून एकटीच बाहेर ओढलीत तर तिच्या शेजारचं टेक्स्चर्स फोल्डर तिला सापडत नाही. लिनक्सवर असाल तर स्पेलिंगमधलं कॅपिटल-स्मॉलही तपासा, विंडोजवर बनवलेले ॲड-ऑन तिथेच अडकतात. नाहीतर मग आकार. ८१९२ बाय ४०९६ चं चित्र दिसायला चारपाच एमबीची जेपीजी असते, पण उलगडल्यावर एका पिक्सेलला चार बाइट धरले तर १२८ एमबी होतात, त्यात ढग, उंचसखलपणा, रात्रीचे दिवे अशी आणखी तीन तेवढीच मोठी चित्रं, जुन्या लॅपटॉपने करायचं काय? तेच चित्र डीडीएस या चित्रांच्या फाइल-प्रकारात, डीएक्सटी१ या पद्धतीने दाबलेलं, ग्राफिक्स कार्डात १६ एमबीत बसतं. जुन्या मशीनवर मी ४०९६ च्या वर जातच नाही.

उलटं दुखणंही असतं, लघुग्रह सावलीतही दिव्यासारखा उजळ. त्याच्या एसएससीत एमिसिव्ह ट्रू लिहिलेलं सापडेल, ती ओळ काढा. यान सगळ्या बाजूंनी काळंच, उन्हातही, असं असेल तर मॉडेलचे नॉर्मल्स उलटे असू शकतात, म्हणजे पृष्ठभाग कुठल्या दिशेला तोंड करून आहे हीच माहिती चुकलेली, मग ते ब्लेंडरमध्ये, म्हणजे थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडूनच दुरुस्त करावं लागतं.

तरी अडलंच तर मला विचारा, जरूर विचारा, फक्त "चालत नाही" एवढंच लिहू नका. सेलेस्टियाचं व्हर्जन, ग्राफिक्स कार्ड, शेवटचा टाकलेला ॲड-ऑन आणि ~ दाबल्यावर दिसणाऱ्या ओळींचा फोटो पाठवा, मोबाइलवर काढलेला वाकडातिकडा चालेल.